आखडलेला खांदा व त्यावरील शस्त्रक्रियेवाचूनचे उपचार

शाळातपासणीच्या निमित्ताने तालुक्यातील वर्गांतून फिरताना एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. पन्नाशीच्या आसपासचे गुरुजी फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागावरच लिहितात व वरचा भाग कोरा राहतो. एखाद्या बाई मुलांना कवायत शिकवताना एकच हात वर करतात. कारण विचारले तर "काही नाही साहेब, खांदा धरलाय" एवढेच उत्तर मिळते, आणि विषय तेथेच संपतो. किती दिवस झाले म्हणून पुन्हा विचारावे, तर सहा महिने, आठ महिने, कधी वर्षही सांगितले जाते. या काळात तेल चोळून झालेले असते, औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून झालेल्या असतात, कोणीतरी हात ओढूनही पाहिलेला असतो. मात्र रक्तातील साखर तपासलेली नसते. या शेवटच्या गोष्टीसाठीच प्रस्तुत लेख मुख्यत्वे लिहावासा वाटला. प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे, शिक्षक आहे. तेव्हा येथे जे सांगावयाचे ते शिक्षकाने शिक्षकाला समजावून सांगावे अशा रीतीनेच सांगितले आहे. उपचाराचा निर्णय अर्थातच डॉक्टरांचा.

या विकाराला इंग्रजी वैद्यकात 'फ्रोझन शोल्डर', म्हणजे गोठलेला खांदा, असे नाव आहे. फ्रान्समधील शल्यवैद्य द्युप्ले यांनी १८७२ साली त्याचे वर्णन केले. 'फ्रोझन शोल्डर' हे नाव अमेरिकेतील बोस्टन शहरचे शल्यवैद्य कॉडमन यांनी १९३४ साली रूढ केले, आणि पुढे १९४५ साली नेव्हायझर यांनी मूळ दोष सांध्याच्या पिशवीत असल्याचे दाखविले. जपानात या दुखण्याला 'गोजूकाता' म्हणतात. त्याचा अर्थ 'पन्नाशीचा खांदा'. आपल्याकडेही हे दुखणे नवे नव्हे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींमध्ये 'अवबाहुक' नावाचा विकार आला आहे. खांद्याच्या ठिकाणी वायू कुपित होऊन तेथील बंध शोषतो व हात आखडतो, असे त्याचे स्वरूप सांगितले आहे. कारणमीमांसा त्या काळची असली, तरी पाहणी किती बारकाईची होती हे त्यावरून कळते.

खांद्यात नेमके काय बिघडते

मानवी शरीरात खांद्याइतका मोकळा फिरणारा दुसरा सांधा नाही. बशीवर लिंबू ठेवावे तसा दंडाच्या हाडाचा गोल माथा पाठीवरील पात्याच्या उथळ खोबणीवर टेकलेला असतो. खोबण उथळ असल्यामुळेच हात पुढे, मागे, वर, आत व बाहेर असा चहूकडे फिरू शकतो. या सांध्याभोवती पातळ पण चिवट पडद्याची एक पिशवी असते, तिला संधिकोश म्हणता येईल. हात वर करता यावा म्हणून शिंपी सदऱ्याच्या काखेत थोडे जादा कापड सोडतो. निसर्गाने या पिशवीच्या खालच्या बाजूस तशीच जादा घडी ठेवली आहे. आखडलेल्या खांद्यात प्रथम या पिशवीला दाह होतो, मग ती जाड होते, आकसते, तिच्या घड्या एकमेकींस धरून बसतात. पहिल्याच धुण्यात आटलेला सदरा घातल्यावर हात जसा वर जात नाही, तशीच ही अवस्था होय. हाड झिजलेले नसते आणि शीरही दबलेली नसते. म्हणूनच क्ष-किरण चित्र बहुधा निर्दोष येते, आणि चित्र चांगले आले म्हणजे दुखणे मनाचेच असावे असा गैरसमज घरच्यांचा होतो. तो करून घेऊ नये.

दुखणे तीन अवस्थांतून जाते. पहिल्या अवस्थेत वेदना मुख्य असते व ती हळूहळू वाढत जाते. रात्री त्या कुशीवर वळले की जाग येते, आणि कोणी हाताला हिसका दिला तर डोळ्यांपुढे अंधारी येते. ही अवस्था सुमारे २ ते ९ महिने चालते. दुसऱ्या अवस्थेत वेदना ओसरते, पण सांधा जखडलेलाच राहतो. हिचा काळ सुमारे ४ ते १२ महिने. तिसऱ्या अवस्थेत हात थोडा थोडा सुटू लागतो, आणि त्यास ५ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक काळ लागतो. एकूण हिशेब एक ते तीन वर्षांचा. पूर्वी असे मानीत की काही न केले तरी प्रत्येकाचा खांदा शेवटी पूर्ण मोकळा होतोच. आता इतके निःशंकपणे तसे म्हणत नाहीत. बहुतेकांचे दैनंदिन व्यवहार सुरळीत होतात, पण काहींचा हात थोडा अडखळत राहतो. एकदा बरा झालेला तोच खांदा पुन्हा आखडणे विरळा. दुसऱ्या बाजूचा खांदा मात्र काहींना पुढील काही वर्षांत त्रास देतो.

हे दुखणे कोणाला होते? सर्वसाधारण लोकांत शंभरात दोन ते पाच जणांना, बहुधा वयाच्या ४० ते ६० वर्षांच्या दरम्यान, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक. फळ्यावर लिहून लिहून खांदा गोठतो ही शिक्षकांतील समजूत खरी धरता येत नाही. न लिहिणाऱ्या डाव्या हाताचाही खांदा तितक्याच सहजपणे आखडतो. हात दीर्घकाळ हलविला नाही तर मात्र धोका वाढतो. मनगट मोडून प्लास्टर घातले, अर्धांगवायूचा झटका आला, छातीची अथवा हृदयाची शस्त्रक्रिया झाली, की रुग्ण हात गळ्यात बांधून ठेवतो व खांदा जखडतो. थायरॉइड ग्रंथीच्या विकारातही हे दुखणे अधिक आढळते. परंतु सर्वांत मोठे नाते आहे ते मधुमेहाशी.

मधुमेहींमध्ये या विकाराचे प्रमाण शंभरात दहा ते वीस, म्हणजे इतरांच्या कितीतरी पट आहे, आणि त्यांचा खांदा अधिक हट्टी असतो. रक्तातील जादा साखर शरीरातील चिवट तंतूंना चिकटून त्यांना ताठर करते, हे त्याचे एक कारण समजले जाते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेली देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तीत देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर असल्याचे अनुमान आहे. यांतील पुष्कळांना आपणास मधुमेह आहे हेच ठाऊक नसते. तहान लागत नाही, वजन उतरलेले नाही, मग साखर कशाला तपासावयाची, असे म्हणून माणूस स्वस्थ बसतो आणि खांदा त्याच्या वतीने सूचना देत राहतो. ज्याचा खांदा काही मार न लागता आखडला, त्याने उपाशीपोटीची साखर व मागील तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी 'एचबीएवनसी' तपासणी करून घ्यावीच. डोळे, मूत्रपिंडे व पाय वाचविण्याची ही संधी आहे. खांदा तर आज ना उद्या सुटेल, पण गेलेली दृष्टी परत येत नाही. तीस वर्षांवरील सर्वांची साखर व रक्तदाब तपासण्याची सोय शासनाने उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे येथे केली आहे. शाळेपासून ते केंद्र फार दूर नसते.

ओळखावे कसे

एक सोपी परीक्षा आहे. दोन्ही कोपरे बरगड्यांना चिकटवून काटकोनात वाकवावीत, अंगठे वर करावेत, आणि कोपरे न हलविता दोन्ही हात दाराच्या झडपांप्रमाणे बाहेरच्या बाजूस उघडावेत. आखडलेल्या खांद्याचा हात मध्येच अडतो. आता दुसऱ्या व्यक्तीने तो हलकेच बाहेर नेऊन पाहावा. तरीही जात नसेल, तर सांधाच जखडला आहे असे समजावे. याउलट स्वतःला हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर सहज वर जातो, असे असेल तर खांद्याची कंडरा फाटली असण्याचा संभव असतो व त्याचा उपचार निराळा. मानेपासून कोपराखाली बोटांपर्यंत मुंग्या व कळ जात असेल, मान वळविली की ती वाढत असेल, तर दोष मानेच्या मणक्यांकडे शोधावा.

काही लक्षणे अशी आहेत की ती दिसताच घरगुती उपाय सोडून तत्काळ रुग्णालय गाठावे. डाव्या खांद्यात कळ येऊन छातीत दडपण, घाम व धाप ही लक्षणे दिसली तर ते खांद्याचे दुखणे नव्हे, हृदयाचे समजावे. सांधा लाल व गरम होऊन ताप आला, किंवा पडल्यानंतर हात एकाएकी लुळा पडला, तरीही विलंब करू नये. वजन घटत असून रात्रंदिवस एकसारखी वेदना होत असेल, तर त्याचीही तपासणी व्हावयास हवी.

उपचार

पहिली गोष्ट, हात झोळीत बांधून ठेवू नये. दुसरी, तो कोणाकडून ओढवून घेऊ नये. या दोन टोकांच्या मधला मार्गच हितकर आहे. आपल्या भागात हाड बसविणारे अनुभवी लोक गावोगाव आहेत, व साध्या लचकेला त्यांचा हात लागूही पडतो. परंतु आखडलेल्या खांद्याला बळाने झटका देणे म्हणजे आटलेला सदरा फाडून अंगात घालण्यासारखे होय. पिशवी फाटते, दाह दुप्पट होतो, आणि हाडे ठिसूळ झालेल्या वयस्क स्त्रीचे दंडाचे हाडही मोडू शकते.

नेदरलँड्समध्ये ७७ रुग्णांवर दोन वर्षे केलेली एक पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. एका गटास वेदनेच्या मर्यादेत राहूनच हलका व्यायाम दिला, दुसऱ्या गटास वेदना सोसून कसून ताणण्याचा व्यायाम दिला. दोन वर्षांनी हलका व्यायाम करणाऱ्यांत शंभरात सुमारे ८९ जणांचा खांदा चांगला सुधारला होता, कसून ताणणाऱ्यांत सुमारे ६३ जणांचा. 'घाम गाळल्याशिवाय गुण नाही' हा आम्हा शिक्षकांचा आवडता सिद्धान्त येथे लागू पडत नाही, हे त्यातून दिसते.

पहिल्या, वेदनेच्या अवस्थेत लंबकाचा व्यायाम सर्वांत उपयुक्त. कॉडमन यांच्याच नावाने तो ओळखला जातो. निरोगी हात टेबलावर टेकून कमरेतून वाकावे व दुखरा हात दोरीला बांधलेल्या दगडासारखा सैल लोंबकळू द्यावा. मग शरीराच्या हलक्या झोक्याने तो पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे व लहान वर्तुळात फिरवावा. हाताने जोर करावयाचा नाही. विज्ञानाच्या तासाला आपण लंबक दाखवितो तसाच तो झुलला पाहिजे. एकेका दिशेने दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा, एवढे पुरे.

वेदना उतरू लागली की पुढचे व्यायाम घ्यावेत, आणि त्यांची साधने शाळेतच आहेत. भिंतीसमोर उभे राहून बोटांनी मुंगीसारखे भिंतीवर चढावे, जेथे अडेल तेथे पाच-दहा आकडे थांबून तसेच उतरावे. पोहोचलेल्या ठिकाणी खडूने रेघ ओढून तारीख लिहावी. आठवड्याला एक बोट प्रगती रोजच्या रोज डोळ्यांना दिसत नाही, रेघांवरून ती दिसते आणि धीर टिकतो. नकाशा दाखविण्याची काठीही कामास येते. (छडीचा मुलांवरील उपयोग २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंद केला आहे, तेव्हा काठी मोकळीच असेल.) पाठीवर निजून कोपरे अंगाशी व काटकोनात ठेवावीत, काठी दोन्ही हातांत आडवी धरावी व निरोगी हाताने ढकलून दुखरा हात हळूहळू बाहेर न्यावा. वर सांगितलेल्या परीक्षेत जी हालचाल अडते, तीच याने सुटते. म्हणून हा व्यायाम चुकवू नये. पाठीमागे हात नेण्यासाठी पंचा तिरपा पाठीवर धरावा, वरच्या निरोगी हाताने तो हळू ओढावा, खालचा दुखरा हात आपोआप वर सरकतो. दुखरे कोपर निरोगी हाताने छातीवरून पलीकडच्या खांद्याकडे ओढणे हा आणखी एक प्रकार. मर्यादा कोणती? ताण जाणवावा, कळ येऊ नये. आणि व्यायामानंतर उठलेले दुखणे थोड्या वेळात शमावे. ते रात्रभर राहिले तर दुसऱ्या दिवशी व्यायाम निम्मा करावा, पण बंद करू नये.

व्यायामापूर्वी दहा-पंधरा मिनिटे गरम पाण्याच्या पिशवीने शेक घेतल्यास स्नायू सैल होतात. मधुमेहींची त्वचा कधी कधी बधिर असते, त्यांनी पिशवी दुसऱ्याच्या हाताला लावून पाहावी, नाहीतर फोड येईपर्यंत कळत नाही. तेल लावण्यास हरकत नाही. ऊब व मालिश यांनी बरे वाटते. आतील पिशवी मात्र तेलाने सैल होत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

वेदनाशामक गोळ्यांविषयी थोडे कडक लिहिणे भाग आहे. पॅरासिटामॉल योग्य प्रमाणात बहुतेकांना चालते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन व त्यांच्या कुळातील गोळ्या दाह कमी करतात हे खरे. परंतु त्या जठरात व्रण करतात, रक्तदाब वाढवितात व मूत्रपिंडांवर ताण आणतात. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने त्या डॉक्टरांवाचून घेऊच नयेत. दुकानदाराने पुडीत बांधून दिलेल्या, नाव नसलेल्या दोन-तीन रंगांच्या गोळ्या महिनोन् महिने खाणारे शिक्षक आपल्यात आहेत. त्या पुडीत काय असते हे खाणाऱ्यास ठाऊक नसते, आणि बहुधा देणाऱ्यासही नसते. सुशिक्षित माणसाने इतके डोळे मिटून काही खाऊ नये.

सांध्यात द्यावयाच्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनविषयी लोकांत दोन प्रकारचा अतिरेक आहे. काही जण नावानेच घाबरतात, काही जण महिन्याला एक मागतात. वस्तुस्थिती अशी की, पहिल्या अवस्थेत अस्थिरोगतज्ज्ञाने सांध्यात दिलेले एक इंजेक्शन वेदना लवकर कमी करते, झोप येऊ लागते व व्यायाम करता येतो. त्याचा गुण काही आठवडे ते थोडे महिने टिकतो, व सोबत व्यायाम असेल तरच त्याचे चीज होते. दुखणे संपून केवळ जखडलेपणा उरला असेल तर त्याचा उपयोग कमी. रोज पोटात स्टेरॉइड घेण्याने जे दुष्परिणाम होतात, ते अशा एखाद्या इंजेक्शनाने सहसा होत नाहीत. मधुमेहीची साखर मात्र त्यानंतर काही दिवस चढते, म्हणून आधी सांगावे व त्या दिवसांत ती तपासत राहावे. निर्जंतुक सुई व जाणता हात यांवाचून ते कोणाकडूनही टोचून घेऊ नये.

याखेरीज मोठ्या रुग्णालयांत आणखी दोन उपाय होतात. एकात निर्जंतुक क्षारद्रव सांध्यात भरून आकसलेली पिशवी आतून फुगवितात. दुसऱ्यात खांद्यास संवेदना देणाऱ्या मज्जातंतूजवळ बधिर करणारे औषध देतात. दोन्हींनी काही रुग्णांस चांगला आराम पडतो. भूल देऊन हात फिरविणे यात कापाकापी नसली तरी तो मोठा उपाय आहे. त्यास व दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेस घाई करू नये. ब्रिटनमधील ३५ रुग्णालयांत ५०३ रुग्णांवर केलेल्या तुलनेचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. भूल देऊन हात मोकळा करणे, दुर्बिणीने पिशवी सोडविणे, आणि इंजेक्शनासह पद्धतशीर भौतिकोपचार या तिन्ही मार्गांनी रुग्ण वर्षभरात सुधारले, व कोणताही एक मार्ग इतरांहून ठळकपणे सरस ठरला नाही. गंभीर गुंतागुंत थोड्यांनाच झाली, पण ती शस्त्रक्रियेच्या गटात अधिक होती. कित्येक महिने नीट उपचार करूनही हात सुटलाच नाही, तर मग शस्त्रक्रियेचा विचार.

भौतिकोपचाराची, म्हणजे फिजिओथेरपीची, विद्या आपल्या राज्याला परकी नाही. पोलिओच्या साथीच्या काळात, १९५० च्या दशकाच्या आरंभी, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात तिचे शिक्षण सुरू झाले, व १९५५ साली हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था निघाली. आज या व्यावसायिकांची नोंद राज्य परिषदेकडे होते. तेव्हा पाटी पाहून न थांबता नोंदणी आहे की नाही हे विचारण्यास संकोच करू नये. देगलूरकरांना प्रथम येथील उपजिल्हा रुग्णालय जवळचे. पुढील तपासणी लागल्यास नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुमारे ८० किलोमीटरवर आहे, आणि उदगीरच्या बाजूच्या गावांना लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थाही गाठता येते. रोज भौतिकोपचारासाठी इतके अंतर जाणे शक्य नसते, हे खरे आहे. पण दोन-तीन भेटींत व्यायाम नीट शिकून घेऊन घरी करीत राहिल्याने पुष्कळ कार्यभाग साधतो.

वर्गातील व घरातील काही सोयी

सदरा किंवा पोलके घालताना दुखरा हात आधी घालावा, काढताना निरोगी हात आधी काढावा. निम्मा त्रास एवढ्यानेच वाचतो. रात्री दुखऱ्या कुशीवर निजू नये. उताणे निजल्यास दंडाखाली घडी केलेली चादर ठेवावी. पदराला पिन लावणे, वेणी घालणे यांसाठी बहिणीची किंवा मुलीची मदत घेण्यात कमीपणा नाही. आमच्या पाहण्यात शिक्षिका हे दुखणे पुरुषांपेक्षा अधिक लपवितात, कारण घरचे काम चुकत नाही व सांगितले तर "वयोमान" म्हणून वासलात लागते. मुख्याध्यापकांनी अशा सहकाऱ्यास वरचे कपाट काढावयास किंवा कवायत घ्यावयास लावू नये. फळ्याच्या वरच्या भागावर मुलांकडून लिहवून घ्यावे. मुलांना ते आवडतेही. दुचाकीवर खड्ड्यांचे हादरे हातात येतात, म्हणून पहिल्या अवस्थेत शक्य तर बसने किंवा कोणाच्या मागे बसून यावे.

पालकांच्या घरी गेल्यावर अर्धांगवायूने पडून असलेले आजोबा किंवा प्लास्टर घातलेली आजी दिसली, तर डॉक्टरांना विचारून त्यांचा खांदा रोज हळुवार हलवीत राहण्यास घरच्यांना सांगावे. लुळा हात धरून त्यांना बिछान्यातून ओढून उठवू नये, हेही सांगावे.

रुग्णालयात जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्यात: दुखणे कोणत्या महिन्यात सुरू झाले, मार लागला होता की नाही, आजवर कोणत्या गोळ्या घेतल्या, आणि मधुमेह, रक्तदाब व थायरॉइड यांविषयी घरातील इतिहास. पूर्वीचे तपासणी-अहवाल व गोळ्यांची रिकामी पाकिटे सोबत असावीत. साखरेची उपाशीपोटीची तपासणी त्याच दिवशी व्हावी यासाठी सकाळी काही न खाता जावे व न्याहारीचा डबा बरोबर ठेवावा. मधुमेहाची औषधे आधीच चालू असणाऱ्यांनी मात्र उपाशी राहण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांस विचारून घ्यावे.